१/७२ मधलं मिग-२१ : प्लास्टिक कमी करत नेण्याचं काम

एखाद्या लहान प्रमाणातल्या जेट विमानाच्या किटमधला पंख घ्या आणि त्याची मागची कड कॅलिपरमध्ये धरून मोजा. बऱ्याच जुन्या किटमध्ये ती ०.७ ते ०.८ मिमी भरते. दिसायला एवढीशीच. पण १/७२ प्रमाणात, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं धरून, हिशेब केला तर खऱ्या विमानाच्या पंखाची कड पाच ते पावणेसहा सेंटीमीटर जाड झाली, दाराच्या फळीहूनही जाड. आपल्या डोळ्याला हा आकडा कळत नाही, पण ‘हे खेळणं आहे’ एवढं मात्र लगेच कळतं. रंग कितीही छान दिला, डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं, कितीही नीट लावले, तरी ती कड सगळं सांगून टाकते.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की छोट्या प्रमाणातल्या मॉडेलची निम्मी सुधारणा प्लास्टिक काढण्यातच होते. महागडे रेझिनचे भाग, धातूच्या कोरीव पट्ट्या, छापील पट्टे हे सगळं नंतरचं. आधी जिथे जिथे जाडी दिसते तिथे ती कमी करायची. या लेखात मी उदाहरणाला मिग-२१ हे सोव्हिएत लढाऊ जेट घेतलं आहे. पुढे उघडं तोंड, मागे उघडा नळकांडा, मधे पातळ त्रिकोणी पंख आणि नाकावर हवेचा वेग मोजणारी लांब पिटो नळी. जाडी उघडी पडेल अशा सगळ्या जागा या एकाच विमानात आहेत. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम ९९ मिमी. तळहातावर मावेल असं मॉडेल. इथे शिकलेली प्रत्येक गोष्ट इतर कुठल्याही जेटला लागू पडते.

कापायला घेण्याआधी

पहिली संध्याकाळ फक्त बघण्यात घालवा. मिग-२१ दहा हजारांहून अधिक बनली आणि तिच्या आवृत्त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. एफ-१३ या सुरुवातीच्या आवृत्तीत पाठीवरचा कणा बारीक, उभं शेपूट अरुंद आणि पिटो नळी नाकाच्या खाली. पीएफ आणि पीएफएममध्ये ती नळी वर, मधोमध आली. एमएफ आणि बिसमध्ये ती वर आहेच, पण मध्यापासून विमानाच्या उजवीकडे सरकलेली. कॅनॉपीचं, म्हणजे वैमानिकावरच्या काचेच्या झाकणाचंही तसंच. एफ-१३ आणि पीएफची पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, तर पीएफएमपासून पुढची उजव्या बाजूला उघडणारी. काही किटांमध्ये एकाच साच्यातून दोन-तीन आवृत्त्या काढायची सोय असते आणि डब्यात नको असलेले भागही येतात. म्हणून ज्या विमानाचं मॉडेल करायचं आहे त्याच एका विमानाचे फोटो शोधा, शक्य असेल तर त्याच क्रमांकाचे, आणि नको ते भाग सूचनापत्रकावर आधीच खोडून टाका.

मग सगळे स्प्रू, म्हणजे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन घ्या. साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेलं तेलकट द्रव्य प्लास्टिकवर राहिलेलं असू शकतं आणि त्यावर रंग धरत नाही. हवेवर वाळू द्या.

भाग कापताना स्प्रू-कटरने दोन टप्प्यांत कापा. पहिला काप भागापासून मिलिमीटरभर दूर, दुसरा जवळ. उरलेला कण धारदार पातीने तासा आणि ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. एकदाच चिकटून कापलं की प्लास्टिक भागाच्या आत फाटतं आणि पांढरा खड्डा पडतो. कारण नसताना एक दुरुस्ती वाढते.

मोठे भाग कापले की गोंद न लावता मास्किंग टेपने सगळं विमान एकदा उभं करा. धडाचे दोन अर्धे, पंख, शेपूट. फट कुठे आहे, पायरी कुठे आहे, पंख कुठल्या बाजूला झुकतो आहे, हे वहीत लिहून ठेवा. मी हे न करता कामाला लागायचो तेव्हा प्रत्येक मॉडेलमध्ये पंखाच्या मुळाशी पुट्टीचा थर यायचा. आता आधी बसवून बघतो, नडणारी खुंटी तासतो, आणि पुट्टी क्वचितच लागते.

कडा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पंखाची मागची कड पातळ करायची तर ती पंखाचे वरचे-खालचे अर्धे जोडण्याआधी, आणि आतल्या बाजूने. बाहेरून घासलं की वरच्या रेषा आणि रिव्हेट पुसले जातात. काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट फरशीवर ४०० नंबरचा वॉटर पेपर दुपदरी टेपने चिकटवा, त्यावर दोन थेंब पाणी टाका, आणि पंखाचा अर्धा आतली बाजू खाली ठेवून गोल गोल फिरवत घासा. बोटाचा दाब मागच्या कडेवर ठेवा, पुढच्या कडेवर नको. दर वीस-तीस फेऱ्यांनंतर उजेडासमोर धरा. प्लास्टिक पातळ झालं की कडेतून उजेड झिरपायला लागतो. तिथे थांबायचं. त्यापुढे कड लाटेसारखी वाकते आणि ती पुन्हा सरळ होत नाही.

दोन्ही अर्धे असे घासले की जोडल्यावरची कड ०.३ मिमीच्या आसपास येते. खऱ्या मापात अजूनही दोन सेंटीमीटर, पण डोळा आता हरकत घेत नाही. एक सावधगिरी: आतून खूप घासलं की पंखाच्या मुळाशीही जाडी कमी होते आणि धडाशी पायरी पडते. म्हणून मुळाकडचे पाच-सहा मिलिमीटर जवळजवळ तसेच सोडा. काही किटांमध्ये खालचा पंख अखंड आणि वरचे दोन वेगळे असतात. तिथे वरच्या भागांवर जास्त काम करा, अखंड भाग घासताना तो पिळला जातो.

उभं शेपूट आणि आडवी शेपटं बहुधा एकाच ठोकळ्यात येतात, त्यामुळे आतून घासायची सोय नाही. इथे बाहेरूनच, पण फक्त मागच्या तीन-चार मिलिमीटरवर, सपाट पट्टीला चिकटवलेल्या ६०० नंबरने एका दिशेत घासा. पुसली गेलेली रेषा नंतर पुन्हा कोरता येते.

आता तोंड. मिग-२१ च्या नाकाची कड खऱ्या विमानात धारदार पत्र्यासारखी आहे आणि किटमध्ये ती बशीच्या काठासारखी गोल येते. पेन्सिलीभोवती किंवा रंगाच्या ब्रशच्या निमुळत्या दांड्याभोवती ४०० नंबरचा पेपर गुंडाळा आणि आतून फिरवा. बाहेरचा व्यास अजिबात बदलायचा नाही, सगळं प्लास्टिक आतून जायला हवं. नाकाचं कडं किटमध्ये वेगळं असेल तर हे काम हातात धरून सोपं होतं. धडाच्या दोन अर्ध्यांतच असेल तर धड जोडून पूर्ण सुकल्यावर करा, नाहीतर दोन अर्ध्यांची जाडी वेगवेगळी दिसते. तोंडाच्या मधोमध असणारा शंकू मात्र त्याआधी बसवावा लागत असेल, तर तो वेगळा रंगवून नंतर आत सरकवता येईल का ते आधी तपासा. बहुतेक वेळा शंकूच्या मागची खुंटी कापली की तो पुढून बसवता येतो. हा एवढा बदल पुढचं मास्किंग वाचवतो.

मागच्या नळकांड्याचं तोंडही असंच आतून. इथे अर्धगोल पातीने आतली कड ४५ अंशात खरवडून मग घासणं सोपं जातं. आतल्या भिंतीवर जोडाची रेष राहते. ती तशीच सोडणारे बरेच जण आहेत, पण मागून बघणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसते. नळी जोडल्यावर आतून पातळ केलेली पुट्टी ब्रशने लावा आणि गुंडाळलेल्या पेपरने घासा.

चाकांच्या कप्प्यांची दारं राहिली. किटमधली बऱ्याचदा मिलिमीटरभर जाड असतात. दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे आतल्या बाजूने कडा तिरक्या घासायच्या. दार मधे जाड राहतं, पण बघणाऱ्याला कड पातळ दिसते. दुसरा मार्ग म्हणजे किटचं दार साचा म्हणून वापरून ०.२५ मिमी जाडीच्या प्लास्टिक पत्र्यातून नवीन कापायचं. मिग-२१ च्या धडाला बसणारी दारं वक्र आहेत, म्हणून पत्रा आधी योग्य जाडीच्या गोल दांड्यावर टेपने बांधा, गरम पाण्यात अर्धं मिनिट बुडवा, लगेच गार पाण्यात टाका. वक्रता कायम राहते. मी साध्या सपाट दारांना पहिला मार्ग वापरतो आणि वक्र दारांना दुसरा.

क्षेपणास्त्रांचे पंख विसरू नका. आर-३एस क्षेपणास्त्राचा व्यास १२७ मिमी, म्हणजे मॉडेलवर पावणेदोन मिलिमीटर. त्याला अर्धा मिलिमीटर जाडीचे पंख लावले की ते गदेसारखं दिसतं. जुने पंख कापून ०.१३ मिमी पत्र्याचे लावा, किंवा निदान त्यांच्या कडा घासा.

कॉकपिट

इथे मी कमी वेळ घालवतो. कॅनॉपी बंद ठेवणार असाल तर १/७२ मध्ये दिसतं ते खुर्चीचं डोकं, समोरच्या मीटरांच्या फळीचा वरचा काळा पृष्ठभाग आणि एखादा रंगाचा ठिपका. मिग-२१ च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आतला रंग निळसर-हिरवा असतो. तो आधी द्या, मग त्याच रंगात थोडा पांढरा मिसळून वर येणाऱ्या कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिरवा, आणि खाचांमध्ये पातळ काळपट तपकिरी तेलरंग सोडा.

खुर्चीचे पट्टे मात्र जरूर करा. खरा पट्टा साधारण साडेचार-पाच सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे मॉडेलवर ०.६ ते ०.७ मिमी. मास्किंग टेप काचेवर चिकटवून, हलका रंग देऊन, नव्या पातीने त्या रुंदीच्या पट्ट्या कापा. खुर्चीवर टाकताना त्यांना थोडा ढिला झोल द्या. ताणून चिकटवलेला पट्टा रंगवलेल्या रेषेसारखा दिसतो.

नाकात वजन

तीन चाकांच्या विमानाचं मॉडेल मागे बसलं की सगळ्या मेहनतीवर पाणी. सूचनापत्रकातला ग्रॅमचा आकडा हा अंदाज समजा. तुम्ही आत काय काय घातलं आहे त्यावर तो बदलतो. सगळं विमान टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी पंखाखाली दोन बोटं धरा, आणि नाक खाली जाईपर्यंत वजनाचे तुकडे वरून ठेवत जा. गेलं की आणखी थोडं टाका. रंगाचा आणि शेपटीकडच्या पुट्टीचाही भार असतो. मिग-२१ मध्ये शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या पुढे-खाली जागा मिळते.

मासेमारीचं शिसं वापरत असाल तर ते पांढऱ्या लाकडी गोंदाने चिकटवू नका. त्या गोंदातल्या आम्लाने शिशावर पांढरी पूड धरते, ती फुगते, आणि काही वर्षांनी धडाचा जोड आतून उकलतो. दोन भागांचा इपॉक्सी वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा. शिसं नकोच असेल तर पोलादाच्या छऱ्यांनी काम होतं, जागा थोडी जास्त लागते.

धडाचा जोड

जोडाची रेष लपवायला पुट्टी लागते असं बरेच जण धरून चालतात. जोड चांगला बसत असेल तर प्लास्टिक स्वतःच पुट्टीचं काम करतं. मॉडेलचा द्रव गोंद प्लास्टिक विरघळवतो, चिकटवत नाही. दोन्ही कडांना गोंदाचा एक हात द्या, वीस-तीस सेकंद थांबा, दुसरा हात द्या, मग दोन अर्धे जुळवून घट्ट दाबा. जोडातून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक उठावदार रेघ बाहेर येते. ती यायलाच हवी. टेपने बांधून निदान एक दिवस ठेवा, शक्य तर दोन. घाईने घासलं तर वरचा थर सपाट होतो, आतलं मऊ प्लास्टिक पुढच्या आठवड्यात आकसतं, आणि रंग झाल्यावर जोडाच्या जागी हलकी खाच उमटते. माझ्या एका मॉडेलवर चकचकीत धातूचा रंग झाल्यावर अशी खाच आली आणि सगळा रंग काढावा लागला. तेव्हापासून धड जोडलं की ते दोन दिवस नजरेआड ठेवतो.

घासताना धड गोल आहे हे हाताला सतत आठवत राहायला हवं. जोडाच्या रेषेवरच पुढे-मागे घासलं की पाठ सपाट होते. पेपर बोटाभोवती धरून, रेषेला आडवं, कुबडावरून हात फिरवल्यासारखं घासा. ४०० ने सुरू करून ६००, १०००. पाण्यासह घासा, त्याने धूळ उडत नाही आणि पेपरही भरत नाही. मधून मधून दिव्याचा उजेड अगदी तिरका पाडून बघा आणि डोळे मिटून नख फिरवा. नखाला जे लागतं ते रंगाला लागतंच.

जिथे खरोखर खड्डा आहे तिथे मी इन्स्टंट गोंद वापरतो, थोडी टाल्कम पावडर मिसळून. तो आकसत नाही आणि त्यावर रेषा स्वच्छ कोरता येते. मात्र तासाभराच्या आत घासून टाका. रात्रभर ठेवला तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, घासताना शेजारचं प्लास्टिक जातं आणि गोंदाचा उंचवटा राहतो. पंखाच्या मुळाची लांब बारीक फट असेल तर आणखी छान उपाय आहे. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढा, केसासारखी तार होते. योग्य जाडीची तार फटीत बसवा आणि वरून द्रव गोंद फिरवा. फट त्याच प्लास्टिकने भरते.

पंख बसवताना

मिग-२१ चे पंख मुळापासून टोकाकडे किंचित खाली उतरतात, २ अंश. मॉडेलवर एका बाजूचा उघडा पंख साधारण ४१ मिमी, म्हणजे टोक मुळापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर खाली. हा उतार चुकला की समोरून बघताना विमान ओळखू येत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या असणं.

जाड पुठ्ठ्यावर विमानाचं समोरून दिसणारं चित्र योग्य मापात छापा किंवा काढा आणि पंखाखालचा आकार कापून काढा. अशा दोन पट्ट्या खाली उभ्या केल्या की पंख त्यांवर टेकतात आणि गोंद सुकेपर्यंत हलत नाहीत. उभ्या शेपटासाठी काटकोन लावून बघा. आडवी शेपटं सर्वात शेवटी, पंखांच्या रेषेशी तुलना करून. या विमानात ती अखंड फिरणारी आहेत, म्हणून धडाशी त्यांची फट भरायची नाही. तिथे एक बारीक स्वच्छ फट हवीच. शक्य तर ती रंगकाम झाल्यावर खुंटीवर बसवा.

रेषा

खऱ्या विमानाच्या पत्र्यांमधली फट एक-दोन मिलिमीटर असते. १/७२ मध्ये ती ०.०२ मिमीच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही. त्यामुळे मॉडेलवरच्या कोरलेल्या रेषा हा मुळात एक संकेत आहे. तो हलका ठेवला तर विमान मोठं भासतं, खोल केला तर फरशा बसवल्यासारखं होतं. जोड घासताना पुसलेल्या रेषा पुन्हा कोरा, पण असलेल्या सगळ्या रेषा खोल करत बसू नका.

कोरायला कडक लेबल-टेपची पट्टी मार्गदर्शक म्हणून चिकटवा. ती वक्र धडावरही बसते आणि अवजार तिच्यावर चढत नाही. पहिले दोन हात जवळजवळ वजन न देता, फक्त वाट दाखवण्यापुरते. मग तीन-चार हात थोडे जोरात. शेवटी रेषेवरून द्रव गोंदाचा पुसट ब्रश फिरवला की उडालेले कण वितळून कड गुळगुळीत होते. अवजार घसरलं तर त्यात इन्स्टंट गोंद भरा, घासा, पुन्हा कोरा.

एक रेष मात्र मी जाणूनबुजून जरा ठळक ठेवतो. इंजिन बाहेर काढण्यासाठी मिग-२१ च्या धडाचा मागचा भाग पूर्ण वेगळा होतो. तो सांधा खऱ्या फोटोतही ठळक दिसतो. बाकी रेषा पुसट आणि ही एक स्पष्ट, एवढ्याने धडाला अर्थ येतो. उठावदार रेषा असलेलं जुनं किट असेल तर सगळ्या घासून पुन्हा कोरण्याची सक्ती नाही. त्या ६०० नंबरने अर्ध्या उंचीवर आणा. रंगाखाली त्या फार सुंदर दिसतात.

पिटो नळी

किटमधली नळी बऱ्याचदा मिलिमीटरभर जाड आणि वाकडी असते. ती कापून टाका. इंजेक्शनच्या दोन सुया घ्या, २१ नंबरची बाहेरून ०.८ मिमी आणि २७ नंबरची ०.४ मिमी. बारीक सुई जाड सुईत सरकते आणि नळीची मुळाकडून टोकाकडे होणारी निमुळती पायरी आपोआप मिळते. सुया नव्याच घ्या. पक्कडीने कापल्या तर तोंड चपटं होतं, म्हणून कानशीने भोवती खाच पाडून मोडा. टोक उडतं, डोळ्यांवर चष्मा हवाच. धारदार टोक घासून बोथट करा.

नाकावर त्या मापाचं भोक आताच, रंगाच्या आधी पाडून ठेवा. हाताच्या बारीक ड्रिलने, आधी सुईच्या टोकाने टोचून. एमएफ करत असाल तर मध्यापासून उजवीकडे, हे पुन्हा एकदा फोटोत बघा. नळी बसवायची मात्र सगळ्यात शेवटी.

कॅनॉपी

किटची कॅनॉपी जाड असते आणि कडेने भिंगासारखी आतलं वाकवून दाखवते. २००० नंबरपासून सुरू करून त्याहून बारीक पेपरने, मग पॉलिशिंग पेस्टने दोन्ही बाजूंनी घासा. शेवटी पारदर्शक अॅक्रिलिक ग्लॉसमध्ये बुडवून, खालची कड टिशूला टेकवून जादा थेंब काढा आणि झाकणाखाली सुकू द्या, धूळ बसता कामा नये.

काचेचा भाग झाकायला टेप पूर्ण भागावर लावा, टूथपिकने चौकटीच्या कडेने दाबा म्हणजे रेष दिसते, आणि अगदी नव्या पातीने हलक्या हाताने कापा. आधी चौकटीवर आतला निळसर-हिरवा रंग, मग बाहेरचा. आतून बघितलं तर आतला रंगच दिसतो. इन्स्टंट गोंद कॅनॉपीजवळ आणू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. पांढरा गोंद लावा. उरलेली फटही त्यानेच भरते, ओल्या इअरबडने पुसली की झालं.

धातूचा रंग

सगळ्यात आधी करडा प्रायमर. तो पृष्ठभागाची खरी परिस्थिती दाखवतो. पहिल्या प्रायमरनंतर काहीतरी सापडतंच. ते भरा, घासा, पुन्हा प्रायमर. धातूच्या रंगाखाली काहीही लपत नाही, म्हणून शेवटचा थर २००० नंबरच्या ओल्या पेपरने किंवा त्याहून बारीक स्पंजने सारखा करा.

एअरब्रशला ०.२ किंवा ०.३ मिमी नोझल आणि १ ते १.५ बार दाब पुरतो. रंग दुधासारखा पातळ. खूप चकचकीत अॅल्युमिनियम हवं असेल तर खाली चमकदार काळा द्या आणि वरून धातूचा रंग अगदी पातळ, दोन-तीन फेऱ्यांत. पण सेवेत राबलेल्या विमानासाठी मला खाली करडाच आवडतो. काळ्यावर चमक आरशासारखी येते आणि इतक्या छोट्या मॉडेलवर ती डोळ्यात भरते. रंग मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर बाष्पांसाठीचा मास्क, धुळीचा साधा मास्क पुरत नाही.

संपूर्ण विमान एकाच चांदीत रंगवू नका. मूळ रंगात एक थेंब काळा, एक थेंब पांढरा, थोडा तपकिरी अशा तीन-चार छटा करून ठेवा आणि कमी चिकटीच्या टेपने मोजके पत्रे झाका. सात-आठ पत्रे पुरतात. छटांमधला फरक इतका थोडा असावा की एका कोनातून दिसावा आणि दुसऱ्यातून नाहीसा व्हावा. नळकांड्याभोवतीचा भाग जास्त गडद, थोडा तपकिरी-निळसर. शंकू हिरवा किंवा राखाडी, फोटोत असेल तसा.

कॅमोफ्लाजचे रंग द्यायचे असतील तर डब्यावरच्या छटेत थोडा पांढरा मिसळा. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो. धातूच्या रंगाला हे लागू नाही.

डिकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावा. खडबडीत पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चांदीसारखा चमकतो. बसवायचं द्रावण खाली, मऊ करायचं द्रावण वर. डिकल सुरकुतलं की हात लावू नका, ते आपणहून ताणून रेषांमध्ये बसतं. एक दिवसाने पुन्हा ग्लॉस, त्यावर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेला गडद करडा तेलरंग रेषांच्या तोंडाशी टेकवा. तो स्वतः धावतो. शुद्ध काळा नको, धातूवर तो शाईने आखल्यासारखा दिसतो. अर्ध्या तासाने हवेच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटाकडे आणि धडावर पोटाकडे, इअरबडने पुसा. शेवटी अर्धचकचकीत लॅकर, पूर्ण मॅट केलं तर धातू मरतो.

शेवटचे भाग

चाकांचे पाय बसवताना विमान मागून समोर आणि समोरून मागे असं दोन्हीकडून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघा. टायरचा खालचा भाग पेपरवर दोन-तीनदा घासून किंचित सपाट करा, म्हणजे विमानाला वजन येतं. तिन्ही चाकांची सपाट बाजू एकाच वेळी जमिनीवर आली पाहिजे. ब्रेकची नळी ०.२ मिमी तांब्याच्या तारेची, पायाला दोन जागी चिकटवलेली. बाकी आणखी तारा लावायचा मोह मी टाळतो, कारण ०.२ मिमीची तारदेखील खऱ्या मापात दीड सेंटीमीटरची होते.

दारं, आडवी शेपटं, क्षेपणास्त्रं या क्रमाने बसवा. मग सुयांची नळी, भोकात इपॉक्सीचा छोटा थेंब घालून. बाजूने आणि वरून, दोन्हीकडून धडाशी समांतर आहे ना ते बघा. गोंद पकडेपर्यंत पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात ती सरळ करायची. सुकल्यावर मॉडेल उचलायचं ते नेहमी पंखांच्या मुळाशी धड धरून, नाक भिंतीकडे वळवून.